कंजंक्टायव्हाखाली वळवळणारा जंत: तालुक्याला काढावा का, आणि काढल्यावर ठेवावा कशात?

तालुका_नेत्रकक्ष

नेत्रकक्षाच्या भिंतीवर लावायला एक पानभर सूचना लिहायला घेतल्या आहेत. विषय असा की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पातळ पडद्याच्या (कंजंक्टायव्हा) आत, जिवंत जंत हलताना दिसला तर काय करायचे. असा रुग्ण कधीतरीच येतो आणि येतो तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.

सोय अशी धरा: स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायचे यंत्र) रोज आहे. शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप आणि नेत्रशल्यचिकित्सक आठवड्यातून दोनच दिवस. जिल्हा रुग्णालय दोन तासांवर. प्रयोगशाळेत साधा मायक्रोस्कोप आणि तंत्रज्ञ आहेत, पीसीआर (डीएनएवरून जात ओळखणारी चाचणी) नाही.

अडते ते इथे. जंत दिसतोय त्याच क्षणी स्लिट लॅम्पवर काढावा, की पट्टी लावून पुढे पाठवावा? भुलीचे इंजेक्शन कंजंक्टायव्हाखाली द्यावे का, की त्याने जंत पळतो? नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा की आणखी कशात? नंतर अल्बेंडाझोल, डीईसी, आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधांतले काही द्यायचे का? आणि घरच्या कुत्र्याला बोल लावण्यात कितपत अर्थ आहे?

पुस्तकातले वर्णन नको, हाताशी येईल असे सांगा.

पापणी_उलटा

आधी हे ठरवा की दिसतोय तो जंत कंजंक्टायव्हाच्या वर आहे की खाली. स्लिट लॅम्पवर ओल्या कापसाच्या काडीने पडदा हलकेच सरकवा. पडद्याबरोबर सरकला तर खाली, काडीला चिकटून आला तर वर. वर असेल तर थेलाझिया (डोळ्याच्या पृष्ठभागावर राहणारा बारीक जंत) किंवा माशीची अळी, आणि हे काम तुमच्याकडेच पाच मिनिटांत होते. प्रोपॅराकेन ०.५ टक्के दोन थेंब, दोन्ही पापण्या उलटून वरचा कोपरा नीट पाहा, दात नसलेल्या चिमट्याने एकेक उचला. थेलाझिया बहुधा एकटा नसतो, म्हणून एक निघाला की काम संपले असे समजू नका. अश्रुबिंदूजवळ आणि आतल्या कोपऱ्यातल्या घडीतही बघा.

खाली असेल तर आपल्याकडे बहुतेक वेळा डायरोफायलेरिया रिपेन्स, कुत्र्यातून डासामार्फत माणसात येणारा जंत. जाड पांढऱ्या दोऱ्यासारखा, सापासारखी वळणे घेत सरकणारा. तो काही मिनिटांत डोळ्याच्या मागे जाऊन दिसेनासा होऊ शकतो, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसावर अवलंबून आहे. त्या दिवशी शल्यचिकित्सक असतील तर लगेच, मायक्रोस्कोपखाली. नसतील तर स्लिट लॅम्पवरून मोबाईलने ३० सेकंदांचे चित्रण करा, कोणत्या बाजूला आणि घड्याळाच्या कोणत्या काट्यावर दिसला ते लिहा, आणि पाठवा. हे चित्रण फार मोलाचे. जिल्ह्याला पोचेपर्यंत जंत आत गेला तर तिथे पाहणाऱ्याला डोळा नुसता लाल दिसतो आणि रुग्ण ॲलर्जीचे थेंब घेऊन घरी येतो.

आता काढण्याची पद्धत. हत्यारे आधी मांडून ठेवा, रुग्ण नंतर झोपवा. स्पेक्युलम, दात नसलेले दोन चिमटे, वेस्टकॉट कात्री, बोथट स्क्विंट हुक, सलाईन भरलेली सिरिंज, आणि झाकणाच्या बाटलीत सलाईन. बीटाडीन ५ टक्के डोळ्यात टाकून तीन मिनिटे थांबतो तेवढ्या वेळात सहायकाने जंतावरची नजर हलवायची नाही.

सुन्न करणारे थेंब बहुतेकांना पुरतात, आणि थेंबांनी जंतही थोडा मंदावतो. इंजेक्शन द्यायचेच तर लिग्नोकेन २ टक्के, ०.२ ते ०.३ मिली, त्याहून जास्त नाही. एक मिली घातले की पडदा फुग्यासारखा वर येतो, जंत सुजेत बुडतो, आणि मग आपण आंधळेपणाने कापत बसतो. ही चूक सर्वांत जास्त होते. जंत त्यामुळे पळाला नसला तरी दिसेनासा होतो, एवढे पुरे आहे.

जंताच्या मधल्या भागावर, पडद्यावरूनच, चिमट्याने आडवे धरा. दाबायचे नाही, फक्त अडवायचे. दुसऱ्या हाताने जंताच्या बाजूला ३ ते ४ मिमीचा छेद घ्या. कंजंक्टायव्हा कापली तरी जंत बाहेर येत नाही असे वाटले तर घाबरू नका. तो बऱ्याचदा टेनॉनच्या, म्हणजे कंजंक्टायव्हाखालच्या, थरात असतो, तो थरही वेगळा उघडावा लागतो. नाकाकडच्या बाजूला जपून. मीडियल रेक्टस स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ५.५ मिमीवर चिकटलेला असतो, खोल कातर मारली तर तो सापडतो. टोक शोधत बसण्यापेक्षा मधला वेढा हुकवर घ्या आणि दोन चिमट्यांनी आळीपाळीने, सावकाश ओढा. ओढताना ताण लागला तर थांबा, सलाईन सोडा, जंत सैल होतो. झटका दिला की तुटतो.

बाहेर आल्यावर दोन्ही टोके बघा. अखंड जंताची टोके गोलसर, बंद असतात. तुटलेल्या टोकातून पांढरे धागे लोंबतात, ते त्याचे आतडे किंवा गर्भाशय. तसे दिसले तर उरलेला तुकडा त्याच बैठकीत शोधा, कारण मेलेल्या तुकड्याभोवती ग्रॅन्युलोमा (सुजेची गाठ) होतो आणि महिनाभर डोळा लाल राहतो. ३ मिमीच्या छेदाला टाका लागत नाही. मोठा झाला तर ८-० व्हिक्रिलचा एक. नंतर मॉक्सिफ्लॉक्सासिन दिवसातून चार वेळा आठवडाभर, आणि प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्के दोन आठवडे कमी करत. त्याआधी पुढच्या कोषात (बुबुळामागची पाण्याने भरलेली जागा) आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिना) दुसरा जंत नाही हे तपासा.

तुमच्यासमोर जंत अदृश्य झाला तर खोदकाम करू नका. रुग्णाला सांगा, डोळ्यात सळसळ जाणवली की आधी फोनने चित्रण करायचे आणि मग निघायचे.

ओपीडी_१०२

एवढे करत बसण्यापेक्षा अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ तीन दिवस आणि डीईसी सुरू करून पाठवले तर काय बिघडते? जंत आहे, जंताचे औषध दिले. विदर्भात तर हत्तीरोगाच्या मोहिमेत सगळ्यांनाच देतात.

काचपट्टी_लॅक्टोफिनॉल

बिघडते ते असे. डायरोफायलेरिया माणसात वाट चुकून येतो, जवळजवळ नेहमी एकटा आणि बहुधा अपरिपक्व. तो अखंड काढला की रोग संपला, गोळीला काम उरत नाही. काढण्याआधी औषधाने तो डोळ्याच्या मागे मेला तर जी सूज येईल ती जिवंत जंताहून जास्त त्रास देईल. आणि जंत जर आफ्रिकेतून आलेला लोआ लोआ निघाला, तर प्रश्न नुसत्या डोळ्याचा राहत नाही. रक्तात सूक्ष्मफायलेरिया (जंताची सूक्ष्म पिल्ले) फार असतील (मिलीलीटरमध्ये ३०,००० च्या वर) तर आयव्हरमेक्टिनने मेंदूला सूज येऊन रुग्ण दगावू शकतो. डीईसी तर ८,००० च्या वर थेट देत नाहीत, आधी अल्बेंडाझोलने संख्या खाली आणतात. मोहिमेतले औषध वुचेरेरियाचा, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताचा, प्रसार तोडण्यासाठी आहे. डोळ्यातल्या प्रत्येक दोऱ्यावर ते चालत नाही.

म्हणून रुग्णाला पहिला प्रश्न: गेल्या काही वर्षांत कुठे राहिलात? कॅमेरून, गॅबॉन, काँगो, नायजेरिया असे उत्तर आले, मग ते जहाजावरचे काम असो, तेलविहिरीवरचे असो किंवा लाकूड कंपनीतले, तर लोआ डोक्यात आणा. हातापायांवर येऊन दोन-चार दिवसांत विरणाऱ्या सुजा झाल्या होत्या का तेही विचारा. लोआसाठी रक्त सकाळी १० ते दुपारी २ या वेळात घ्यायचे, कारण त्याचे सूक्ष्मफायलेरिया दिवसा फिरतात. वुचेरेरियाचे रात्री, १० ते २. वेळ चुकली की अहवाल निगेटिव्ह येतो आणि पुढे सगळे त्यावर विसंबतात. डायरोफायलेरियात माणसाच्या रक्तात सहसा काहीच सापडत नाही, इओसिनोफिल (जंतसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतीलच असेही नाही. हत्तीरोगाची अँटिजेन पट्टी वुचेरेरियासाठी आहे, ती निगेटिव्ह आली म्हणून डायरोफायलेरिया नाही असे होत नाही.

आता बाटली. जंत निघाल्याबरोबर साध्या सलाईनमध्ये खळबळून रक्त आणि श्लेष्मा धुवा. नळाचे किंवा डिस्टिल्ड पाणी नको, जंत पाणी शोषून फुगतो, कधी फुटतो, आणि मग बाहेरच्या सालीवर काही वाचता येत नाही. फुटपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा. मग ७० टक्के अल्कोहोल साधारण ६० अंशांपर्यंत गरम करून त्यात सोडा. ज्योतीवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून. गरम अल्कोहोलमध्ये जंत ताठ सरळ होऊन मरतो, थंड अल्कोहोलमध्ये तो गुंडाळी करतो आणि लांबी मोजता येत नाही. पीसीआर करायचा असेल तर त्याआधीच मधला ५ मिमीचा तुकडा कापून वेगळ्या कुपीत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. टोके कापू नका, ओळख टोकांवरही असते. फॉर्मॅलिन फक्त गाठ कापून काढली असेल आणि हिस्टोपॅथॉलॉजीला (काप करून तपासायला) जायची असेल तर. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो, नंतर कितीही शिव्या घातल्या तरी पीसीआर चालत नाही.

तुमच्या तंत्रज्ञालाही प्राथमिक ओळख करता येईल. जंत काचपट्टीवर लॅक्टोफिनॉलमध्ये रात्रभर ठेवला की पारदर्शक होतो. १० च्या आणि ४० च्या भिंगाखाली साल बघा. रिपेन्सच्या सालीवर लांबीच्या दिशेने बारीक उंच रेघा असतात, आडव्या पुसट रेघा त्यांना छेदतात, त्यामुळे साल मक्याच्या कणसासारखी दाणेदार दिसते. कुत्र्याच्या हृदयातला डायरोफायलेरिया इमिटिस असेल तर बाहेरून गुळगुळीत. लोआची साल इथेतिथे विखुरलेल्या गोल उंचवट्यांची. थेलाझियावर आडव्या करवती रेघा.

जाडीही बोलते. रिपेन्सची पूर्ण वाढलेली मादी १० ते १७ सेंमी लांब आणि अर्ध्या मिमीच्या आसपास जाड, नर ५ ते ७ सेंमी. लोआची मादी ४ ते ७ सेंमी. वुचेरेरियाची मादी ८ ते १० सेंमी खरी, पण जाडी पाव मिमीच्या जवळपास, आणि तिचे घर लसिकावाहिन्यांत. कंजंक्टायव्हाखाली जाड दोरा दिसला आणि रुग्ण भंडारा-चंद्रपूरकडचा म्हणून अहवालावर वुचेरेरिया लिहिले, असे होऊ देऊ नका. थेलाझिया दोन सेंमीच्या पलीकडे सहसा जात नाही.

केरळमधून रिपेन्ससारख्या जंतांचे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. त्यातले काही पीसीआरवर निराळे निघतात. २०१२ मध्ये हाँगकाँगहून वर्णन झालेली, हाँगकाँगेन्सिस या तात्पुरत्या नावाची जात भारतातही सापडली आहे. दिसण्यात रिपेन्सच्या फार जवळ. रुग्णाच्या उपचारात त्याने फरक पडत नाही, पण म्हणूनच तो ५ मिमीचा तुकडा जपायचा.

अवांतर: डोळ्यातून लोआ काढायचा लिखित प्रयत्न १७७० सालचा, कॅरिबियनमधल्या सँटो डोमिंगोमध्ये मोंजिन नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाचा. जंत आत निघून गेला. तेव्हा पापणी_उलटा म्हणतात ती पळापळ जुनीच आहे.

गोठा_ते_दवाखाना

पशुवैद्यक बाजूने थोडे. कुत्र्याला बोल लावायचा तर अर्धाच. रिपेन्स कुत्र्याच्या कातडीखाली राहतो, त्याचे सूक्ष्मफायलेरिया रक्तात येतात, डास ते पितो, उष्ण दमट हवेत साधारण ८ ते १३ दिवसांत डासात संसर्गक्षम अळी तयार होते आणि पुढच्या चाव्यात माणसात उतरते. म्हणजे कुत्रा चाटला, अंथरुणात झोपला, याने काही होत नाही. घरचा कुत्रा स्वच्छ असला तरी गल्लीतल्या दहा मोकाट कुत्र्यांवर जेवलेला डास पुरतो. माणसात जंत दिसेपर्यंत महिने उलटलेले असतात, त्यामुळे या आठवड्यात कोण चावले हे विचारून उपयोग नाही.

कुत्रा तपासायचाच तर नॉट चाचणी सोपी आहे. ईडीटीएतले १ मिली रक्त, २ टक्के फॉर्मॅलिन ९ मिली, उलटसुलट करून नीट मिसळा, १५०० फेऱ्यांवर ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज, वरचे ओतून द्या, गाळात मिथिलीन ब्लूचा एक थेंब आणि काचपट्टीवर. रिपेन्सचे पिल्लू ३०० ते ३७० मायक्रॉन, डोके बोथट, आवरण नाही. इमिटिसचे डोके निमुळते. दवाखान्यात मिळणारा हार्टवर्मचा (इमिटिसचा) अँटिजेन किट रिपेन्ससाठी बनलेलाच नाही, त्यावर निगेटिव्ह आला म्हणून मालकाला निर्धास्त करू नका. उपचारात मॉक्सिडेक्टिन असलेले मानेवर टाकायचे औषध महिन्याला एकदा. कॉली आणि त्या जातकुळीच्या कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत मेंदूवर चढते, तेव्हा गोठ्यातली बाटली कुत्र्यावर वापरू नका.

वरच्या चर्चेत माशीच्या अळीचा नुसता उल्लेख झाला, पण शेळ्यामेंढ्यांच्या कळपामागे फिरणाऱ्यांत जंतापेक्षा तीच जास्त अपेक्षित धरा. ऑस्ट्रस ओव्हिस. माशी उडता उडता मेंढीच्या नाकपुडीत अळ्या फवारते, चुकून माणसाच्या डोळ्यात. रुग्ण सांगतो की डोळ्यावर काहीतरी आपटले आणि काही तासांत खुपायला लागले. अळी जेमतेम १ मिमी, पारदर्शक, तोंडाशी दोन काळे आकडे, आणि उजेड पडला की पळते. म्हणून स्लिट लॅम्पचा झोत अरुंद आणि मंद ठेवा, आधी वरच्या पापणीच्या आतल्या खाचेत बघा. नुसते धुऊन ती निघत नाही, आकड्यांनी धरून बसते. सुन्न करणारे थेंब टाकले की पकड सैल होते, मग चिमट्याने काढा. पाच-दहा असू शकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा, एखादी राहिलेली असते.

तालुका_नेत्रकक्ष

मुद्दे उतरवून घेतले. एकच राहिले. जंत कंजंक्टायव्हाखाली नसून बुबुळामागे, पुढच्या कोषात हलताना दिसला तर? आणि हलणारा दोरा नसून कंजंक्टायव्हाखाली पारदर्शक फोड दिसली, आत पांढरा ठिपका, तर ते याच पानावर घ्यावे का?

पापणी_उलटा

पुढच्या कोषात दिसला तर बाहुली मोठी करणारे थेंब टाकू नका, हे मोठ्या अक्षरात लिहा. सवयीने ट्रॉपिकामाइड पडते आणि जंत बाहुलीतून मागे व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या मागच्या भागातल्या जेलीत) जातो. उलट पायलोकार्पिन २ टक्के टाकून बाहुली आकुंचित करा आणि त्याच दिवशी पाठवा. तिथे बुबुळाच्या कडेला छेद देऊन व्हिस्कोइलॅस्टिक (घट्ट जेल) भरले की जंत त्याच्याबरोबर बाहेर ढकलला जातो. चिमटा आत घालून धरायला गेले तर भिंग दुखावते. आतल्या पडद्याची (रेटिना) तपासणी जंत निघाल्यावर, तेव्हा बाहुली मोठी केलेली चालते.

फोड आणि आत ठिपका हे सिस्टिसर्कस, डुकराच्या फीतकृमीची अळी. पान वेगळे करा, कारण औषधाचा नियम निराळा. फोड कंजंक्टायव्हाखाली असेल तर न फोडता पूर्ण काढतात. डोळा हलवणाऱ्या स्नायूत असेल तर अल्बेंडाझोल दर किलोमागे रोज १५ मिग्रॅ, चार आठवडे, सोबत प्रेडनिसोलोन दर किलोमागे १ मिग्रॅ आणि हळूहळू कमी. डोळ्याच्या आत, रेटिनाखाली किंवा व्हिट्रियसमध्ये असेल तर शस्त्रक्रियेआधी अल्बेंडाझोल अजिबात नाही. आत मेलेली अळी जे विष सोडते त्याने डोळा जातो. कोणत्याही जागी असली तरी पहिली गोळी देण्याआधी दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत: डोळ्याचा बी-स्कॅन (सोनोग्राफी) आणि मेंदूचा एमआरआय किंवा सीटी. मेंदूतही फोडी असतील तर गोळीने तिथे सूज येऊन झटके येतात, अशा रुग्णाला भरती करूनच सुरुवात करतात.

काचपट्टी_लॅक्टोफिनॉल

पानावर बाटलीच्या चिठ्ठीचा नमुनाही छापा: कोणता डोळा, जंत वर होता की खाली, काढल्याची तारीख आणि वेळ, कोणत्या द्रवात आणि किती टक्के, राहण्याचे गाव, परदेशवास. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांवर नुसते 'डोळ्यातील कृमी' असते आणि आत काय ओतले आहे ते वास घेऊन ओळखावे लागते. आणि बाटली काठोकाठ भरा. अर्धी रिकामी राहिली की एसटीच्या प्रवासात जंत झाकणाला चिकटून वाळतो.